‘फॅमिली रिलोकेशन पॅकेज’: वर्षभर सासरच्यांजवळ राहायला जाताना एजंटाला पैसे नेमके कशाचे द्यायचे?

मुंबईत व्हिसाची कामं करणाऱ्या बऱ्याच ऑफिसांत ‘फॅमिली रिलोकेशन’ या नावाखाली सगळं काम एकगठ्ठा घेतलं जातं. मुलांचे पासपोर्ट, व्हिसाचे फॉर्म, जन्मदाखल्यांवर अपोस्टिल (कागद खरा असल्याचं परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन), सामानाची पाठवणी आणि तिकडच्या शाळेची चौकशी, सगळं एका फाइलीत आणि एका बिलात. गिऱ्हाईकही साधारण ठरलेलं असतं: दोघं नोकरी करणारे, दोन मुलं, सासू-सासरे मोठ्या दिरांकडे न्यू जर्सीत किंवा नणंदेकडे दुबईत स्थायिक. नातवंडं हाताबाहेर वाढायच्या आत वर्षभर त्यांच्याजवळ जाऊन राहावं का, ही घरातली रोजची चर्चा.

हे परीक्षण कुठल्या एका एजंटाचं नाही. त्या पॅकेजातलं एकेक कलम पैशाच्या लायकीचं आहे का, एवढंच इथे पाहिलंय. पहिली तक्रार सुरुवातीलाच नोंदवतो. जायचं की नाही हे ज्या एका प्रश्नावर ठरतं, तो प्रश्न म्हणजे मूल तिकडे कायदेशीरपणे शाळेत बसू शकेल का. पॅकेजात त्याचं उत्तर नसतं. असते ती फक्त ‘शाळांची यादी’.

शाळेचं काय, हे आधी विचारा

अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथलेच. भेटीच्या बी-२ व्हिसावर विमानतळावर साधारण सहा महिने मिळतात. त्या व्हिसावर शिक्षण घ्यायला परवानगी नाही, मग मूल पहिलीतलं असलं तरी. विद्यार्थ्याचा एफ-१ व्हिसा सरकारी शाळेच्या आठवीपर्यंतच्या वर्गांना मिळतच नाही. नववी ते बारावीसाठी मिळतो, तोही जास्तीत जास्त १२ महिने आणि त्या शाळेचा पूर्ण खर्च भरून. खासगी शाळेला एफ-१ चालतो, पण मुलाच्या एफ-१ वर आई-वडिलांना सोबत राहायचा कसलाही व्हिसा नाही. त्यांना पुन्हा बी-२ वरच यावं लागतं.

यावर नातेवाइकांचं ठरलेलं उत्तर असतं, ‘अगं, घेतात की शाळेत, कोणी काही विचारत नाही.’ ते खोटं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालानंतर सरकारी शाळा मुलाची इमिग्रेशनची स्थिती पाहून प्रवेश नाकारत नाहीत. शाळा विचारते घराचा पत्ता, लसी आणि जन्मतारीख. पण शाळेने घेतलं म्हणजे व्हिसाची अट पाळली गेली असं होत नाही. अट मोडलेलीच राहते, आणि तिचा हिशेब पुढच्या व्हिसाच्या वेळी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीच्या खिडकीवर विचारला जाऊ शकतो. ‘शाळेची जबाबदारी आमची’ म्हणणाऱ्या एजंटाला एवढंच विचारा, कुठल्या व्हिसावर? उत्तर गुळमुळीत आलं की पाकीट खिशात ठेवा.

सरळ रस्ते आहेत, फक्त ते आई किंवा वडिलांच्या कामातून किंवा शिक्षणातून जातात. कंपनीने एल-१ वर बदली केली किंवा नोकरीचा एच-१बी मिळाला, तर मुलं त्याच्या जोडीच्या एल-२ किंवा एच-४ वर सरकारी शाळेत फुकट शिकतात. आईने एफ-१ वर मास्टर्सला प्रवेश घेतला तर एफ-२ वरची मुलंही शाळेत जाऊ शकतात. जोडीदाराचं गणित मात्र वेगळं. एल-२ वर नोकरी करता येते, एफ-२ वर अजिबात नाही, एच-४ वर ठरावीक परिस्थितीतच. आणि सासऱ्यांकडे ग्रीन कार्ड आहे म्हणून लग्न झालेल्या मुलाला किंवा सुनेला त्यातून काही मिळत नाही. ग्रीन कार्डधारक मुलांपैकी फक्त अविवाहितांसाठी अर्ज करू शकतो. सासरे किंवा दीर नागरिक असले तर अर्ज होतो, पण भावंडांच्या वर्गात भारतीयांची रांग दशकाहून मोठी आहे. एका वर्षाच्या बेताला तिचा उपयोग शून्य.

ब्रिटनमध्येही भेटीच्या व्हिसावर सहा महिने आणि मुलांना सरकारी शाळेत घालायची सोय नाही. तिथे ३१ जानेवारी २०२४ पासून एक चांगला बदल झालाय. भेटीवर असताना आपल्या भारतातल्या नोकरीचं काम लॅपटॉपवर करता येतं, फक्त येण्याचा मुख्य हेतू तो नको. जोडीदार ब्रिटिश नागरिक असेल तर स्पाउस व्हिसा आहे, पण वर्षाला २९,००० पाउंड उत्पन्नाची अट आणि शिवाय आरोग्य अधिभार, मोठ्यांना दर वर्षी १,०३५ पाउंड, मुलांना ७७६. चौघांच्या कुटुंबाने हा आकडा तिकिटांच्या आधी मांडून पाहावा. ऑस्ट्रेलियात भेटीच्या व्हिसावर तीन महिन्यांपर्यंत शिकता येतं, म्हणजे एक टर्म. कॅनडात आई-वडिलांपैकी एकाकडे कामाचा किंवा शिक्षणाचा परवाना असला की सोबतच्या मुलांना शाळेसाठी अडचण नाही.

मुंबईकराला सगळ्यात सोयीची पडते ती दुबई. दरमहा ३,५०० डॉलर उत्पन्न दाखवू शकणाऱ्याला, म्हणजे इथल्या कंपनीचं काम घरून करणाऱ्याला, तिथे एक वर्षाचा रिमोट वर्क व्हिसा मिळतो आणि त्यावर कुटुंबालाही नेता येतं. मुलांना निवासी व्हिसा मिळाला की शाळा खुली. सीबीएसईच्या शाळा तिथेही एप्रिलमध्येच सुरू होतात, त्यामुळे मुलाचं वर्ष कुठेच अडकत नाही. शाळेची फी मात्र पूर्ण आपल्याच खिशातून, आणि ती भारी असते.

ज्यांच्याकडे यातला एकही रस्ता नाही त्यांनी वर्षाचा बेत सोडावा आणि इथली उन्हाळ्याची सुट्टी भेटीच्या व्हिसावर सासूबाईंजवळ काढावी. न्यू जर्सीतल्या आणि ब्रिटनमधल्या शाळा तेव्हा चालू असतात, त्यामुळे चुलत भावंडं सकाळी बसला जातात नि दिवसभर घर रिकामं, हे खरं चित्र दिसतं. आजी-आजोबा गाडी चालवत नसतील तर मुलांना ने-आण कोण करणार, हेही त्या सुट्टीत कळून चुकतं.

व्हिसाचा फॉर्म आणि ‘स्लॉट’

अमेरिकेचा डीएस-१६० फॉर्म स्वतः भरता येतो. त्यातले प्रश्न सोपे आहेत, वेळ लागतो तो जुन्या प्रवासाच्या तारखा शोधायला. प्रत्येक मुलाचा फॉर्म वेगळा आणि भेटीच्या किंवा विद्यार्थ्याच्या व्हिसाला फी प्रत्येकी १८५ डॉलर. पूर्वी १४ वर्षांखालच्या मुलांना बहुधा मुलाखतीला यावं लागत नसे, ती सवलत २ सप्टेंबर २०२५ पासून बव्हंशी गेली. एजंट जुन्या माहितीवर ‘मुलांना आणायची गरज नाही’ म्हणाला तर समजावं, ऑफिसातला तक्ता बदललेला नाही. मुलाखतीचा लवकरचा स्लॉट मिळवून देण्याची हमी एजंटाने घेऊ नये, तसं करायला त्याच्याकडे अधिकृत मार्ग कोणताच नाही. आपलं लॉग-इन दुसऱ्याच्या हातात देणं तर नकोच, खातं लॉक झालं की पुढचा ताप आपल्याच डोक्याला.

या कलमाचे पैसे वाचवता येतात. अपवाद एकच. आधी व्हिसा नाकारला गेला असेल तर वकिलाचा सल्ला घ्यावा. एजंटाचा नव्हे.

पासपोर्ट: सरकारी सेवा चांगली, घोळ नावांचा

पासपोर्ट सेवेला आमच्याकडून चांगले गुण. अंधेरी, मालाड, लोअर परळ यांपैकी कुठेही वेळ घेतली तरी पद्धत तीच: ए काउंटरला कागद स्कॅन, बीला तपासणी, सीला मंजुरी. मुलाच्या ३६ पानी पासपोर्टची फी १,००० रुपये, तत्काळला वर २,०००. मुदत पाच वर्षं किंवा मूल १८ चं होईपर्यंत, जे आधी येईल ते. आठ वर्षांखालच्या मुलाच्या नव्या पासपोर्टला फीत १० टक्के सूट आहे. पंधरा ओलांडलेल्या मुलाला १,५०० रुपयांत दहा वर्षांचा घेता येतो.

सोबत लागतं ते जन्मदाखला, आई-वडिलांचे पासपोर्ट आणि दोघांच्या सह्यांचं परिशिष्ट ‘डी’. चार वर्षांखालच्या मुलाचा फोटो आपणच न्यायचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा. त्याहून मोठ्यांचा काउंटरवर काढतात. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. आई-वडिलांचे पासपोर्ट चालू असले तर मुलासाठी पोलीस पडताळणी बहुधा लागत नाही. एवढ्याशा कामाला एजंट कशाला?

मराठी घरांत घोळ होतो तो नावांचा. आपल्याकडे मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन पदं. पासपोर्टात रकाने दोनच: दिलेलं नाव आणि आडनाव. वडिलांचं नाव पहिल्या रकान्यात घालायचं की नाही यावर एकाच घरातल्या दोन भावंडांचे पासपोर्ट वेगळे झालेले असतात. मग मोठ्याचं तिकीट तीन पदांवर निघतं, धाकटीचं दोनवर, आणि शाळेच्या दाखल्यावर आडनाव पुढे असतं ते वेगळंच. आईचं तर विचारूच नका: जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आधारवर दोन्हींची खिचडी. गायकवाड, चौधरी, देशमाने अशा आडनावांची रोमन स्पेलिंगं प्रत्येक कागदावर निराळी.

यावर उपाय म्हणजे क्रम पाळणं. आधी जन्मदाखला दुरुस्त करायचा, त्यावरून पासपोर्ट, पासपोर्टवरून शाळेचं रजिस्टर, आणि मगच व्हिसा. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक टप्प्यावर प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. पासपोर्टची मुदतही आताच पाहा. मुलाचे पाच वर्षांचे पासपोर्ट नेमके परदेशातल्या वर्षात संपतात आणि अनेक देशांना किमान सहा महिने शिल्लक हवे असतात.

जन्मदाखला आणि अपोस्टिल

महापालिकेत जन्माची नोंद असते ती ज्या वॉर्डात जन्म झाला तिथे, तुम्ही राहता त्या वॉर्डात नाही. घर बोरिवलीत असलं तरी बाळंतपण दादर पश्चिमेच्या प्रसूतिगृहात झालं असेल तर नोंद जी-उत्तर वॉर्डात. नोंद करताना बाळाचं नाव ठरलेलं नसतं, आणि पुढे शाळाप्रवेश कसाबसा निभावला की तो रिकामा रकाना कुणाच्या लक्षातही राहत नाही. नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. हे काम पासपोर्टच्या आधी उरका आणि प्रती चार-पाच घेऊन ठेवा. आणि दाखला लॅमिनेट करू नका. त्यावर शिक्का किंवा स्टिकर बसत नाही, कागद परत येतो.

पॅकेजातलं सगळ्यात फुगवलेलं कलम म्हणजे अपोस्टिल. भारत हेग अपोस्टिल कराराचा सदस्य झाला २००५ मध्ये. प्रक्रिया अशी: कागदावर आधी राज्य पातळीवर साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं स्टिकर. मंत्रालय २०१२ पासून लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमून दिलेल्या संस्थांमार्फत घेतं. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये आहे. बाकीचं सगळं सेवाशुल्क आणि धावपळीचा मोबदला. राज्य साक्षांकनाच्या फेऱ्या मारायला वेळ नसेल तर त्या धावपळीचे पैसे देणं समजू शकतं. पण बिलात ‘सरकारी फी’ म्हणून मोठा आकडा दिसला तर पावती मागा.

मुळात लागतं का, हे देशावर आहे. अमेरिकेच्या व्हिसाला मुलांच्या कागदांवर अपोस्टिल मागत नाहीत, सरकारी शाळाही साधारण मागत नाहीत. तरी पॅकेजात चौघांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रकं असे डझनभर कागद मोजलेले असतात. दुबईची गोष्ट उलटी. संयुक्त अरब अमिराती या करारात नाही, त्यामुळे तिथे परराष्ट्र मंत्रालयानंतर अमिरातीच्या वकिलातीचं साक्षांकनही लागतं, शाळेच्या दाखल्यालासुद्धा. नुसतं अपोस्टिल करून दुबईला गेलेली कुटुंबं शाळेच्या दारात अडकतात. कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून करारात आला, म्हणून तिथल्या जुन्या ‘वकिलात साक्षांकन’ दरपत्रकावर आता विश्वास ठेवू नये.

थोडक्यात, हे कलम दुबईसाठी वकिलातीच्या साक्षांकनासह घ्यावं, अमेरिकेसाठी कापून टाकावं.

लसी: ज्यावर पॅकेज गप्प असतं

हा भाग कुठलाच एजंट नीट सांगत नाही आणि शाळेचा पहिला दिवस हुकतो तो इथे. विशेषतः पालिकेच्या दवाखान्यात लसी घेतलेल्या मुलांचा. लसी सगळ्या झालेल्या असतात, कार्ड भरलेलं असतं, तरी अमेरिकन शाळेची नर्स निम्म्या धरत नाही. कारणं अशी.

आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यात देतात. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला गोवराचा डोस मोजत नाहीत. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत होतो, तो धरतात, पण त्यात गालगुंड नसतो. म्हणजे तिन्हींवरचा एमएमआर लागतोच. कांजण्यांची लस सरकारी कार्यक्रमात नाही, ती दोन डोसांची खासगीत घ्यावी लागते. हिपॅटायटिस-बीचा शेवटचा डोस बाळ २४ आठवड्यांचं झाल्यावरचा हवा. आपला पेंटाव्हॅलंटचा (हिपॅटायटिस-बी धरून पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा) तिसरा डोस १४ व्या आठवड्यात होतो, त्यामुळे एक जादा इंजेक्शन. आणि पोलिओ: भारताने एप्रिल २०१६ मध्ये तीन प्रकारच्या विषाणूंवरचे थेंब बंद करून दोन प्रकारांवरचे आणले. त्या तारखेनंतरचे तोंडाने दिलेले डोस अमेरिकेत हिशेबात धरत नाहीत, इंजेक्शनच्या लसीचे डोस लागतात. पल्स पोलिओच्या रविवारी कितीही वेळा बोटाला शाई लागली असली तरी.

वेळेचं गणित आता मांडा. एमएमआरच्या दोन डोसांत किमान २८ दिवस. कांजण्यांच्या दोन डोसांत १३ वर्षांखालच्या मुलांना तीन महिने. एमएमआर आणि कांजण्या या दोन्ही जिवंत लसी, एकाच दिवशी घ्यायच्या, नाहीतर मध्ये २८ दिवस सोडायचे. म्हणून निघायच्या चार-पाच महिने आधी बालरोगतज्ज्ञांकडे जावं. त्यांच्या लेटरहेडवर लसीचं पूर्ण नाव आणि तारीख टाइप केलेली यादी, सही-शिक्क्यासह घ्यावी. तारखेत महिना अक्षरात लिहायला सांगा, कारण ०५/०८ म्हणजे तिकडे ८ मे.

क्षयावरच्या बीसीजी लसीमुळे आणखी एक घोटाळा होतो. तिकडे क्षयाची त्वचेवरची चाचणी केली तर बीसीजी घेतलेल्या मुलाला ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे, पत्रं, धावपळ. दोन वर्षांवरच्या मुलासाठी रक्ताची आयग्रा चाचणी करा म्हणून आधीच सांगावं. ब्रिटनला सहा महिन्यांपेक्षा जास्त जाणाऱ्यांना व्हिसाच्या अर्जाबरोबरच क्षयाचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते त्यांच्या मान्यताप्राप्त केंद्रातलंच. त्याची मुदत सहा महिने, फार आधी काढून ठेवू नका.

आरोग्य विम्याबद्दल एवढंच: इथली मेडिक्लेम पॉलिसी वर्षभर पडून राहील म्हणून बंद करू नका. आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ, जो आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, नव्या पॉलिसीत पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो.

इथली शाळा सोडताना, आणि परत येताना

न्यू जर्सीतली शाळा सप्टेंबरला सुरू होते आणि जूनच्या उत्तरार्धात संपते. मुंबईतली राज्य मंडळाची शाळा जूनच्या मध्यात भरते. म्हणजे इथलं वर्ष संपवून निघालात आणि तिथलं संपवून परतलात तर आठवडा-दोन आठवड्यांपलीकडे काही बुडत नाही. हा एक योग फार चांगला जुळतो. सीबीएसईवाल्यांचं तसं नाही, त्यांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं आणि सुरुवातीचा भाग बुडतो.

जागा राखून ठेवतो असं मुख्याध्यापकांनी तोंडी सांगितलेलं पुढच्या वर्षी कुणाला आठवत नाही. खासगी विनाअनुदानित शाळा बहुधा वर्षाची फी भरली तरच पटावर नाव ठेवते. ते आणि किती दिवसांच्या गैरहजेरीनंतर नाव कमी होईल, दोन्ही लेखी घ्या. नाव काढायचंच ठरलं तर शाळा सोडल्याचा दाखला, शेवटचं प्रगतिपुस्तक, यूडायस या केंद्राच्या नोंदप्रणालीतला विद्यार्थ्याचा कायम शिक्षण क्रमांक आणि राज्याच्या सरल प्रणालीतली नोंद यांची प्रत हातात हवी. नाव पासपोर्टप्रमाणेच आहे ना, ते तिथेच उभं राहून वाचा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून मिळालेली जागा असेल तर सोडलेली जागा परत मिळेल असं धरून चालू नये. आमच्या मते तेवढ्या एका कारणासाठी बेत रद्द करणंही शहाणपणाचं.

परतल्यावर आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि अनुदानित किंवा पालिकेच्या शाळेत दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. नववी-दहावीत मात्र नेऊ नका. सीबीएसईत ती दोन वर्षं सलग धरतात, मध्येच दहावीत शिरणं म्हणजे मंडळाच्या परवानग्या.

मराठीचं काय? २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, तेव्हा परत आल्यावर पेपर आहेच. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. बोलणं आजीजवळ आपोआप सुधारतं, विसरतात ती जोडाक्षरं आणि लिहायचा वेग. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा शनिवार-रविवारी भरतात, दिरांच्या गावाजवळ आहे का ते आधी पाहून ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी चारचौघांत कोणी बोलत नाही. अमेरिकेतल्या एखाद्या राज्यात मूल सलग सहा महिने राहिलं की ताब्याच्या वादात ते राज्य त्याचं ‘गृहराज्य’ ठरतं. नवरा-बायकोत तिथे बिनसलं आणि एकाने मुलाला घेऊन मुंबई गाठली तर तिकडचं कोर्ट त्याला मूल पळवणं म्हणू शकतं. मुलांच्या अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत नाही, त्यामुळे प्रकरण दोन्हीकडे लोंबकळतं. संसार सुरळीत असतानाच मुक्काम तात्पुरता आहे, परतीचा महिना अमुक, असं दोघांच्या सहीने लिहून ठेवावं. सासूबाईंना सांगायची गरज नाही.

घर भाड्याने देणं आणि कर

पॅकेजात ‘प्रॉपर्टी मॅनेजमेंट’ असतं, ते घेऊ नका. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे. ऑनलाइन होतो. मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के (परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही भाड्यात मिळवायचं) आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन देता येते. सोसायटी बिनवापर शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावू शकत नाही, सेक्रेटरी काहीही म्हणोत.

चूक होते ती लॉक-इनच्या, म्हणजे ठरल्या मुदतीत करार मोडायचा नाही या, कलमात. भाडेकरूला ११ महिन्यांचं लॉक-इन दिलं आणि मुलाला तिकडची शाळा मानवली नाही म्हणून पाचव्या महिन्यात परतलात, तर राहायचं कुठे? लॉक-इन फक्त भाडेकरूवर ठेवा, आपल्या बाजूने दोन महिन्यांची नोटीस.

कराचं एक बारकाव्याचं उदाहरण. नोकरीसाठी परदेशी गेलात तर त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिल्यावर अनिवासी ठरता. नोकरीसाठी न जाता नुसते राहायला गेलात, तर ती सीमा ६० दिवसांची, आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस भारतात काढले असतील तर. १५ जूनला निघालात की एप्रिलपासूनचे ७६ दिवस झाले, म्हणजे त्या वर्षापुरते निवासीच. अनिवासी झालात तर भाडेकरूने भाड्यातून ३१.२ टक्के कर कापायचा असतो, आणि हे बहुतेक भाडेकरूंच्या गावीही नसतं. निघायच्या तारखेसह सीएला एकदा भेटा. तिकडे खर्चाला पैसे पाठवताना वर्षाला १० लाखांच्या वर, शिक्षण-उपचार सोडून बाकी कारणांसाठी, २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापला जातो. तो रिटर्न भरल्यावर जमेस धरतात, पण तोवर अडकून पडतो.

सामान

समुद्रमार्गे सामान पाठवण्याचा दर घनमीटरवर सांगतात आणि स्वस्त वाटतो. विचारायचं ते हे की दर दारापासून बंदरापर्यंतचा आहे की दारापासून दारापर्यंतचा. न्हावा-शेवाहून पेटी गेली तरी तिकडच्या बंदरातली हाताळणी, कस्टमची कागदपत्रं आणि घरपोच ट्रक हे सगळं अनेकदा पलीकडे वेगळं आकारतात. वर्षभराच्या मुक्कामाला हे कलम सरसकट रद्द करा, विमानाच्या बॅगा पुरतात. सासूबाईंच्या घरी भांडी असतातच.

मिक्सर अमेरिकेला नेऊ नका, आपला २३० व्होल्टचा तिथल्या १२० वर चालत नाही. ट्रान्सफॉर्मर घ्यावा तर तो मिक्सरपेक्षा जड. दुबईत नुसता प्लग बदलला की चालतो. गाडी चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून घ्यावा, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मुंबईचं सिम चालू आणि रोमिंगवर ठेवा, नाहीतर बँकेचा ओटीपी अडकून सगळंच अडकतं.

खाऊच्या बॅगेकडे मात्र नीट लक्ष द्या. अमेरिकेत ताजा कढीपत्ता, फळं, बियाणं आणि मांसाचे पदार्थ कस्टमवर काढून घेतात, मेतकूट-भाजणीला हरकत नसते. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, आणि ती साधी बंदी नव्हे, अमली पदार्थांच्या कायद्यातली. आपल्या गोड्या मसाल्यात ती असते, अनारशावर असते, काही घरांत करंजीच्या सारणातही. दुबईला जाणाऱ्यांनी मसाला खसखस वगळून करून घ्यावा, आणि सासूबाईंनी फोनवर अनारसे मागितले तर ते पुढच्या दिवाळीला मुंबईतच.